दहा जणांची प्रार्थना
ज्यू माणूस घरी एकटाही प्रार्थना करू शकतो. पण तोरा या धर्मग्रंथाचे जाहीर वाचन किंवा दिवंगतांसाठीची कद्दिश प्रार्थना यांसाठी दहा प्रौढ ज्यू हजर लागतात. या गणसंख्येला मिन्यान म्हणतात. परंपरेनुसार तेरा वर्षे पूर्ण झालेले पुरुषच त्यात धरतात; सुधारणावादी पंथ स्त्रियांनाही मोजतात. धर्मगुरू हवाच असे नाही, जाणकार कोणीही प्रार्थना चालवतो.

शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणातल्या ज्यूंना, म्हणजे बेने इस्राएलांना, ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनागृह), शार हारहमीम, सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधले. अलिबागचे मागेन अबोथ १८४८ चे.

सिनेगॉगमध्ये मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, पवित्र कपाट असते. त्यात हस्तलिखित तोराच्या गुंडाळ्या ठेवतात. वाचनासाठी मधोमध कठडा असलेला चौथरा असतो.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. त्यामुळे कोकणातल्या अनेक सिनेगॉगमध्ये आता मिन्यान जमवणे अवघड झाले आहे. सणावारी मुंबई-ठाण्याहून माणसे आली, तरच तिथे पूर्ण प्रार्थना होते.