काळी दोन: डी शार्प की ई फ्लॅट?

गिटार शिकणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: भजन काळी दोनमध्ये बसवलंय, पण एक ॲप कॉर्डला डी शार्प म्हणतं आणि दुसरं ई फ्लॅट. पट्टी एकच, मग बरोबर कोण?

भजन मेजरमध्ये असेल तर ई फ्लॅट. स्केल लिहिताना सातही अक्षरं एकेकदाच यायला हवीत. ई फ्लॅटपासून निघालात तर ३ फ्लॅटमध्ये काम भागतं. डी शार्पपासून निघालात तर ९ शार्प लागतात. ते टाळायला फक्त शार्प छापणारं ॲप गंधाराच्या कॉर्डला जी मायनर म्हणतं आणि मध्यमाच्या कॉर्डला जी शार्प. दोन वेगळे स्वर, दोघांच्या वाट्याला जी. ई कुठेच नाही. नवशिक्याचा गोंधळ तिथेच होतो.

बारा समान भागांच्या ट्यूनिंगमध्ये ही पट्टी ३११.१३ हर्ट्झवर वाजते, नाव काहीही द्या. पण सी २६१.६३ वर ठेवून शुद्ध गुणोत्तरांनी मोजा. सीवरचा कोमल गंधार, म्हणजे ई फ्लॅट, येतो ३१४ च्या जवळ. बीचा शुद्ध गंधार, म्हणजे डी शार्प, ३०६.६ वर. सात हर्ट्झचं हे अंतर तयार कानाला सहज कळतं. पेटीने हे दोन स्वर एका पट्टीत कोंबले. नावं मात्र दोन राहिली, आणि ती राहायलाच हवीत.

याच प्रश्नावर आपल्या शहराजवळ, देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, तेराव्या शतकात फार खोल विचार झाला होता. सिंघण यादवाच्या दरबारात हिशेबाचं काम पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात ७ शुद्ध स्वर आहेत आणि १२ विकृत. विकृतांमध्ये एक आहे ‘अच्युत षड्ज’. हा सा आपल्या चौथ्या श्रुतीवरून, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानावरून, तसूभरही हललेला नसतो! फक्त खालचा निषाद वर सरकून त्याच्या दोन श्रुती घेतो, आणि तेवढ्याने शार्ङ्गदेव सा ला वेगळं नाव देतो. नाद तोच, शेजार बदलला म्हणून नाव बदललं. डी शार्प आणि ई फ्लॅटचा निवाडा याच तत्त्वावर होतो. स्वरांच्या नावांची चर्चा निघाली की पायथागोरस हमखास आठवतो. दौलताबादचा किल्ला रोज पाहणाऱ्या आपल्याला शार्ङ्गदेव आठवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ॲप बनवणाऱ्यांनी आधी गाण्याचा सा आणि मेजर-मायनर विचारावं, मग नाव छापावं. पट्टी बदलली की नावं पुन्हा ठरवावीत. तोवर वाचकांनी सेटिंगमध्ये स्वतः निवड करावी: काळी एक मेजरला डी फ्लॅट, मायनरला सी शार्प; काळी दोन मेजरला ई फ्लॅट. काळी तीन मेजरला मात्र सहा शार्प किंवा सहा फ्लॅट, दोन्ही तितकेच बरोबर.