नंबरप्लेटवरचा ६१७४

संध्याकाळी माणहून हिंजवडीकडे निघालं की गाडी हलायचं नाव घेत नाही. मग पुढच्या गाडीची नंबरप्लेट तरी वाचावी. एमएच १४ सोडून द्या, शेवटचे चार अंक घ्या. समजा, ४३६५. उतरत्या क्रमाने लावले तर ६५४३, चढत्या क्रमाने ३४५६. वजाबाकी ३०८७. तिचंही तेच करा: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि ७६४१ वजा १४६७? परत ६१७४! शेजारच्या रिक्षाचा नंबर घ्या, कंपनीच्या बसचा घ्या. सगळे इथेच येतात. ११११ सारखे एकाच अंकाचे नंबर तेवढे शून्यावर जातात. (वजाबाकी ९९९ आली तर ०९९९ लिहायचं.)

हा आकडा सापडला १९४९ साली, देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. आकड्यांशी खेळायची हौस मात्र दांडगी. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

पण शंभर गाड्या ६१७४ वर आल्या म्हणून सगळ्या येतील, हे कशावरून? उदाहरणांवरून नियमाकडे जाणं म्हणजे विगमन. हिंजवडी आयटी पार्कच्या फेज थ्रीतल्या कुठल्याही सॉफ्टवेअर टेस्टिंगवाल्याला विचारा; हजार टेस्ट केस पास झाल्या तरी पुढची पास होईलच, अशी हमी तो देणार नाही. इथेही तसंच. तीन अंकी संख्यांवर हाच खेळ केला तर त्या ४९५ वर थांबतात, चार अंकी ६१७४ वर. म्हणजे पाच अंकांनाही असंच एक मुक्कामाचं ठिकाण असणार, असं कुणालाही वाटेल. तर ५३९५५ घेऊन बघा. ९५५५३ वजा ३५५५९ म्हणजे ५९९९४. ९९९५४ वजा ४५९९९ म्हणजे ५३९५५. जिथून निघालो तिथेच! दोन संख्या एकमेकींकडे बोट दाखवत बसतात, थांबतच नाहीत.

मग ६१७४ वर भरवसा ठेवायचा तो निगमनाच्या, म्हणजे नियमांवरून पायरीपायरीने निष्कर्ष काढण्याच्या जोरावर. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ धरा. वजाबाकी मांडली की ती निघते ९९९ गुणिले (क−घ) अधिक ९० गुणिले (ख−ग). बस्स, चार अंकांतून फक्त दोन फरक उरले! ४३६५ मध्ये ते ३ आणि १. २९९७ अधिक ९०, म्हणजे ३०८७. एकाच अंकाचे नंबर सोडले तर पहिला फरक १ ते ९, दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. अशा जोड्या किती? अवघ्या ५४. दहा हजार नंबरप्लेटा पहिल्याच वजाबाकीत ५४ वाटांवर येतात, आणि ५४ वाटा वहीच्या पानावर तपासता येतात. सगळ्या ६१७४ ला मिळतात, सातपेक्षा जास्त वजाबाक्या कधीच लागत नाहीत. कॉम्प्युटर दहा हजारही क्षणात तपासेल, आणि तोही पुरावाच. पण हे असं का होतं, ते तो सांगत नाही.

पाच अंकांना हीच मांडणी लावली की मधला अंक गळून पडतो. तिथेही दोनच फरक उरतात, ९९९९ आणि ९९० ने गुणलेले. फक्त त्या वाटा एका संख्येवर न थांबता तीन वेगवेगळ्या चक्रांत शिरतात. ५३९५५ आणि ५९९९४ चं चक्र त्यांतलं सगळ्यात छोटं.