युफ्रेटिसचा हरवलेला पूर

कोरड्या पडलेल्या दलदलीत पुन्हा पाणी सोडले की ती आपोआप पूर्वस्थितीला येते, अशी समजूत सामान्य वाचकाचीच नव्हे तर पाटबंधाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या पुष्कळ अधिकाऱ्यांचीही असते. परंतु दक्षिण इराकातील पाणथळ मुलखाची गेल्या काही दशकांतील हकिकत जो बारकाईने पाहील, त्याला पाणी किती आले याइतकेच ते कोणत्या ऋतूत आले यालाही महत्त्व आहे, हे मान्य करावेच लागेल.

टायग्रिस आणि युफ्रेटिस या नद्या इराणी आखाताला मिळण्यापूर्वी ज्या सखल प्रदेशात पसरतात, तेथे वर्षाकाठी जेमतेम शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही तेथे एके काळी सुमारे १५,००० चौरस किलोमीटरांचे जलमय राज्य नांदत होते, ते केवळ तुर्कस्तान व इराणच्या पर्वतांवरील बर्फ वितळून दर वसंतात येणाऱ्या पुराच्या आधारावर. तो पूर गाळ आणी, माशांच्या विणीला अनुकूल उथळ पाणी पसरवी, आणि या दोहोंहून मोठे असे एक कार्य करी. प्रखर उन्हात पाण्याची वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागेच राहतात; वर्षभर साठलेले हे क्षार वसंतातला जोरकस लोंढा धुऊन आखाताकडे नेई, आणि म्हणूनच वाळवंटाच्या कुशीत असूनही ते पाणी सहस्रावधी वर्षे गोडे राहिले.

या पाण्यात पुरुष-दोन पुरुष उंच वाढणाऱ्या पोकळ नळांवर मादान लोकांचा संसार उभा होता. नळांच्या जाडजूड जुड्या वाकवून केलेल्या कमानींचे त्यांचे अतिथिगृह, ज्याला ते मुधीफ म्हणतात, त्याच्यासारख्याच वास्तू पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरी शिल्पांत कोरलेल्या आढळतात. त्यांची जित्राबे म्हणजे म्हशी, आणि म्हशींसाठी हे लोक रोज कोवळे नळ कापीत असल्याने पाण्याच्या वाटा मोकळ्या राहत व नवे कोंभ फुटत. माणूस येथे निसर्गाच्या व्यवहारातला एक कामकरी घटकच होता. ज्या बसऱ्याचे नाव मराठी घरांत नथीच्या मोत्यांमुळे परिचित आहे, त्याच्याच वरच्या अंगाला कुर्ना येथे, १९१५ च्या मे महिन्याअखेर, सहाव्या पुणे डिव्हिजनचे शिपाई, ज्यांत मराठा पलटणींचाही समावेश होता, पुराने फुगलेल्या या नळांच्या रानातून बेलम नावाच्या होड्या रेटीत तुर्की ठाण्यांवर चालून गेले होते.

१९९१ च्या उठावानंतर बंडखोरांना आसरा मिळू नये म्हणून सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने बांध घातले, कालवे खणले आणि नद्यांचे पाणी या मुलखाला वळसा घालून परस्पर खाली नेले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००१ साली उपग्रहचित्रांच्या आधारे जगापुढे मांडले ते असे, की नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणथळ नाहीशी झाली आहे. एका लोकसमूहाला देशोधडीला लावण्यासाठी नदीचे शस्त्र करणे, यासारखी निर्दय कृती विसाव्या शतकातही विरळाच म्हणावी लागेल.

२००३ मध्ये राजवट कोसळताच रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी बांध फोडले. मार्च २००४ पर्यंत मूळ क्षेत्राच्या जवळजवळ पंचमांश भागावर पाणी परतले, आणि जमिनीखाली तग धरून राहिलेल्या मुळांतून नळ अशा वेगाने उगवले, की अभ्यासकही चकित झाले. मात्र कर्टिस रिचर्डसन आदी शास्त्रज्ञांनी तपासणी केली तेव्हा काही ठिकाणी पाणी असूनही जीवन नव्हते. उन्हात तापलेल्या मातीवर क्षारांचा थर साचला होता, आणि वर सोडलेले पाणी वाहून न जाता तेथेच तुंबल्याने तो थर विरघळून पाणीच खारट झाले होते. याउलट इराणच्या सरहद्दीवरील हविझेह दलदल कधीच पूर्णपणे सुकली नव्हती. तिच्यातील वनस्पती व जलचर हे उर्वरित प्रदेशासाठी जणू बियाण्याचे कोठार ठरण्याजोगे होते.

पुढे २०१० साली चिबायिश गावाजवळ युफ्रेटिसवर मातीचा बांध घालून पाण्याची पातळी उंचावण्यात आली, आणि कोरड्या वर्षांत त्याने दलदल तगवली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण बांध पातळी वाढवतो, प्रवाह वाढवत नाही. क्षार वाढले की म्हशी आजारी पडतात, दूध आटते, कुटुंबे शहराकडे निघतात, आणि नळ कापणारे हात गेले की पाण्याच्या वाटाही बुजतात.

मूळ पूर आज तुर्कस्तानातील अतातुर्कसारख्या प्रचंड धरणांच्या भिंतींआड अडला आहे. १९८७ च्या करारान्वये तुर्कस्तानने युफ्रेटिसचे सेकंदाला ५०० घनमीटर पाणी सीरियाच्या हद्दीत सोडण्याचे मान्य केले, आणि १९९० मध्ये सीरिया व इराक यांनी त्याची ४२ व ५८ टक्के अशी वाटणी ठरवली. परंतु हा ५०० चा आकडा वर्षाच्या सरासरीचा आहे, आणि वसंतातले पाणी शिशिरात दिले तरी सरासरीचा हिशेब चोख राहतो. पाणथळीसाठी मागावयाचे आहे ते बारमाही थेंबाथेंबाने येणारे पाणी नव्हे, तर वार्षिक हिश्श्यातून राखून मार्च ते मे या काळात काही आठवडे एकदम सोडलेला लोंढा. वीज आणि सिंचन सांभाळणाऱ्यांना तो गैरसोयीचा वाटेल. आणि तो लोंढा वाटेतच शेतीत जिरू नये म्हणून खुद्द इराकलाही वाफे तुडुंब भरण्याची आपली जुनी पद्धत सोडावी लागेल, शेतांतून निचरा होणारे खारे पाणी दलदलीत न लोटता वेगळ्या चराने आखाताकडे न्यावे लागेल.