तळ्याचा नियम बदलतो, तेव्हा कागदावर नाव कुणाचं?

बचत गटाच्या बैठकीत आपण शेळीपालन, कुक्कुटपालन, शिवणकाम यावर पुष्कळ बोलतो. मासोळीवर मात्र बोलणं होत नाही. भोई आणि ढिवर समाजाच्या कितीतरी बाया आपल्या गटांत आहेत. पुरुष जाळं टाकतात. पण मासे निवडणं, साफ करणं, उरलेले वाळवणं आणि बाजाराच्या दिवशी घमेलं घेऊन विकायला बसणं हे बायांकडेच असतं. "तळ्याचे नियम बदलणार म्हणतात, आमचं काय होईल?" असं काही ताया अलीकडे विचारतात. म्हणून आज मासेमारीच्या नियमांबद्दल.

पहिली गोष्ट, टीव्हीवरची प्रत्येक बातमी आपली नसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हा नियम समुद्राचा. लहान मासे धरू नयेत म्हणून २०२३ मध्ये शासनाने ५४ जातींसाठी कमीत कमी आकार ठरवून दिले, तेही समुद्रातल्या माशांसाठी. आपलं पाणी गोडं. आपल्याकडे इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा अशी धरणं आहेत, आणि गावोगावचे पाझर तलाव आहेत. त्यांचे नियम वेगळे.

आपल्या पाण्यात मुख्य प्रश्न असतो ठेक्याचा. मोठ्या धरणांचं पाणी जलसंपदा विभागाचं, पण तिथल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे असतात. ठेका साधारण पाच वर्षांचा असतो आणि नोंदणी झालेल्या मच्छीमार सहकारी संस्थेला प्राधान्य मिळतं. ठेका ज्याचा, त्या तलावातला मासा त्याचा. म्हणून कुणी हौसेने गळ टाकायला आला तरी त्याने संस्थेला विचारायला पाहिजे. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ठेका असो की नसो, ते कुणालाच चालत नाही.

आता नियम बदलतात कसे, ते समजून घेऊ. सरकारी कागद तीन प्रकारचे असतात. कायदा विधानसभा आणि विधान परिषदेत मंजूर होतो. त्या कायद्याखाली शासन नियम करतं. नियमांचा मसुदा पुष्कळदा आधी राजपत्रात छापतात आणि अमुक तारखेपर्यंत हरकती व सूचना द्या म्हणून सांगतात. तिसरा कागद शासन निर्णय, म्हणजे जीआर. जीआर काढण्याआधी लोकांना विचारलंच पाहिजे असं नसतं. आणि तलावाचा ठेका कुणाला, किती रकमेला, किती वर्षांना, हे बहुतेक जीआरनेच ठरतं.

उदाहरण घ्या. ३० जून २०१७ ला तलाव ठेक्याने देण्याचं सुधारित धोरण जीआरने आलं. मच्छीमार संस्थांनी त्याला विरोध केला. विदर्भातूनही निवेदनं गेली, मोर्चे निघाले. मग ३ जुलै २०१९ ला पुन्हा नवीन जीआर निघाला. दोन वर्षांत धोरण दोनदा बदललं. जे संघटित होते, ज्यांच्याकडे संस्थेचं लेटरहेड आणि शिक्का होता, त्यांचं म्हणणं मुंबईपर्यंत पोचलं. बाजारात मासे विकणारी बाई त्यात कुठेच नव्हती, कारण ती संस्थेची सभासदच नव्हती.

अलीकडचा मोठा बदल २०२५ चा. २२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, शेतीसारखं कर्ज, विमा, सौर ऊर्जेसाठी मदत अशा सवलती मच्छीमार आणि मत्स्यपालकांना मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. ऐकायला छान आहे. पण शेतीत आपण काय पाहिलं? वावरात राबते बाई आणि सातबारा नवऱ्याच्या नावाने. कर्ज, विमा, नुकसानभरपाई सगळं सातबाऱ्यामागे जातं. मासेमारीला शेतीचा दर्जा मिळाला म्हणजे इथेही तेच होऊ शकतं. इथला सातबारा म्हणजे संस्थेचं सभासद रजिस्टर.

नाव नसण्याची किंमत काय असते? आमच्या ओळखीतल्या एका ताईचा नवरा वर्षानुवर्षं तलावावर जात होता. सभासद होता त्याचा मोठा भाऊ. हा भावाच्या नावावर जाळं टाकायचा. एका पावसाळ्यात तो बुडून गेला. मच्छीमारांसाठी अपघात विमा आहे, मृत्यू झाला तर वारसाला पाच लाख रुपये मिळतात, आणि त्याचा हप्ताही सरकार भरतं. पण कागदावर तो मच्छीमार नव्हताच. ताईला काही मिळालं नाही. आज ती मजुरीला जाते.

म्हणून नियम बदलायची वाट न पाहता आपली चार कामं आपण करून घेऊ.

पहिलं काम, घरात कोण सभासद आहे ते पाहणं. नवरा सभासद असेल तर त्याने वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, हे विचारा. सभासद गेल्यावर त्याचा भाग नाव लावलेल्या माणसाकडे जातो. तिथे बायकोचं नाव असलं पाहिजे. नवरा जाळं टाकतो पण सभासद नाही, अशी गत असेल तर आधी त्याचं नाव लावून घ्या आणि विम्याच्या यादीत आहे का तेही पाहा.

दुसरं काम, स्वतः सभासद होणं. संस्थेचे उपविधी मागून वाचा. सभासद कोण होऊ शकतं ते त्यात लिहिलेलं असतं. पात्र असाल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सांगतो की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत काहीच कळवलं नाही, तर सभासद करून घेतलं असं धरलं जातं. नकार आला तर साठ दिवसांत निबंधकाकडे अपील करता येतं. संस्था अर्जच घेत नसेल तर तो निबंधकामार्फत देता येतो. तोंडी बोलण्याला मात्र काही किंमत नाही. अर्जाची पोच जपून ठेवा.

तिसरं काम, संचालक मंडळाकडे पाहणं. संस्थेच्या समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव असतात. त्या जागांवर कोण आहे? बैठकीला त्या बसतात, की सही घरी नेऊन होते? गटातल्या ज्या बाईला बाजारभाव तोंडपाठ आहे, ती या जागेवर शोभेल.

चौथं काम ग्रामसभेचं. केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी जामणी या भागांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा कायदा लागू आहे. १९९६ च्या या कायद्याने लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीच्या हातात दिलं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातही सामूहिक हक्कांत पाणवठ्यातल्या मासोळीचा उल्लेख आहे. म्हणजे कोलाम, गोंड, आंध बायांनाही गावच्या तळ्याबद्दल ग्रामसभेत बोलायचा अधिकार आहे. एक लक्षात ठेवा, टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांच्या आत परवानगीशिवाय मासे धरता येत नाहीत.

नियम म्हटला की आपल्याला बंधन वाटतं. पण काही नियम आपल्या फायद्याचे असतात. कटला आणि रोहू साधारण दोन वर्षांनी अंडी द्यायच्या वयाला येतात. शिवाय ते वाहत्या पाण्यात अंडी देतात, बंद तळ्यात नाही. म्हणून तळ्यात दरवर्षी विकतची बोटुकली सोडावी लागते. बारीक जाळ्याने पावशेरची पिल्लं काढली तर बोटुकलीचे पैसेही निघत नाहीत. तोच मासा किलोचा झाला तर घमेल्यात कमी मासे आणि हातात जास्त पैसे. कोणत्या आकाराचा मासा विकला जातो, हे बाजारात बसणाऱ्या बाईइतकं कुणालाच कळत नाही. जाळ्याचा आस केवढा असावा, हे संस्थेत ठरताना तिला विचारलंच पाहिजे.

यापुढे मसुदा आला, जीआर आला, की गटाने काय करायचं? कागदाचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्यायची. तो ग्रामसंघाच्या बैठकीत मोठ्याने वाचायचा. हरकतीची शेवटची तारीख असेल तर त्याआधी गटाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्यायच्या. भाषा साधी चालेल. "आम्ही मासे विकणाऱ्या बाया आहोत, ठेका देताना आमच्या गटाचाही विचार व्हावा," एवढं पुरे. आणि पोच घ्यायची.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारा. आपल्या गटातल्या किती बाया मासे विकतात आणि त्यांतल्या किती संस्थेच्या सभासद आहेत? दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. जिथे दुसरा आकडा शून्य येईल, तिथे त्याच बैठकीत पहिला अर्ज लिहायला बसा.