सोळाशे मीटर आणि सोयाबीनची सोंगणी

वाशीम-रिसोड रस्त्यावर पहाटे पोरं धावताना दिसली की समजावं, पोलीस भरती जवळ आली. शिपाईपदाची मैदानी चाचणी ५० गुणांची: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक.

पण ही तीन वेगळी कामं आहेत. १०० मीटरला स्नायू जवळच्या शिदोरीवर धावतात. त्यातलं क्रिएटिन फॉस्फेट काही सेकंदांतच ओसरतं, मग ग्लायकोजेन ऑक्सिजनविना फोडावं लागतं. १६०० मीटरला बहुतेक ऊर्जा ऑक्सिजन वापरूनच मिळते. तिथे हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं याला मोल. काही महिने नेमाने पळालं की तो ठोका भारी होतो, म्हणून विश्रांतीतली नाडी संथ पडते. सकाळी अंथरुणातच मोजून पाहा. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, त्याला लागतं क्षणार्धाचं बळ.

मग तंदुरुस्त कोण? सोयाबीन सोंगणारी बाई दिवसभर वाकून विळा चालवते. भरतीच्या पोराला तिच्या ओळीत उभं करा, दुपारपर्यंत कंबर धरेल. तिला मैदानावर पळवलं तर धाप तिलाही लागेल. शरीर रोज जे करतं, त्यालाच सरावतं. (मला दोन्ही जमत नाही.)

भरती नाही, सोंगणीही नाही, अशा माझ्यासारख्यांसाठीही माप आहे: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचं काम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाता येत नाही.