जुगार खेळणारे किती, जुगाराने ग्रासलेले किती?

मार्च 2021 मध्ये गहुंज्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने झाले. करोनामुळे आत प्रेक्षक नव्हते, पण आसपासच्या टेकडीवर आणि उंच इमारतीत बुकी दुर्बिणी लावून बसले होते. टीव्हीवर चेंडू काही सेकंद उशिरा दिसतो आणि तेवढ्या वेळात सट्टा लावता येतो. पिंपरी-चिंचवड पोलिसांनी 33 जणांना पकडलं. गहुंजे पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात आहे, बेडशाच्या लेण्यांखालचं बेडसे गावही मावळातच. अशी बातमी वाचली की बेडसे-कामशेत पट्ट्यातल्या माणसालाही वाटतं, हे बाहेरून आलेल्या सट्टेबाजांचं काम, आपल्या घराशी त्याचा काय संबंध? पण धाडीत सापडतात ते बुकी. पैसे लावणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची मोजणी पोलिसांच्या कागदात होत नाही.

देशपातळीवर ती इतरत्रही झालेली नाही. दारूचं बघा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीमुळे आपल्याला माहीत आहे की 10 ते 75 वयोगटातले 14.6 टक्के लोक दारू पितात आणि जवळपास 5.7 कोटी लोकांना त्यासाठी मदतीची गरज आहे. पिणारे वेगळे मोजले, अडकलेले वेगळे मोजले. त्या पाहणीत जुगार नव्हता. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही जुगाराची मोजणी नव्हती. शिवाय त्यासाठी निवडलेल्या 12 राज्यांत महाराष्ट्रही नव्हता.

मोजणी नसली की मोठे आकडे फिरू लागतात. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तेव्हा केंद्र सरकारने सांगितलं की या खेळांची झळ सुमारे 45 कोटी लोकांना बसते आणि वर्षाला 20 हजार कोटींहून जास्त रुपये बुडतात. हा सरकारी अंदाज आहे. तो गप्पांमध्ये ‘45 कोटी व्यसनी’ असा वापरणं चूक आहे. तसं असतं तर लहान मुलं आणि म्हातारी माणसं धरून देशातला जवळपास दर तिसरा माणूस जुगारी ठरला असता. खेळणं, नुकसान सोसणं आणि व्यसन जडणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत.

2024 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ आयोगाने जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या, तेव्हा या पायऱ्या स्पष्ट दिसल्या. वर्षभरात एकदा तरी जुगार खेळलेले प्रौढ सुमारे 46 टक्के निघाले. काही ना काही धोक्याच्या पातळीवर खेळणारे जवळपास 9 टक्के होते, आणि ज्यांचा जुगार गंभीर समस्या झाला आहे असे 1.41 टक्के.

यावरून ‘म्हणजे शंभरात एक-दोनच, काळजीचं कारण नाही’ असंही कुणी म्हणेल. मला तो निष्कर्ष सर्वांत घातक वाटतो. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कॉलेज विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यात कधीतरी जुगार खेळलेले फक्त 19.5 टक्के होते, पण एकूण विद्यार्थ्यांपैकी 7.4 टक्क्यांचा जुगार समस्येच्या पातळीवर पोहोचला होता. म्हणजे खेळणाऱ्या दर तिघांपैकी एकाहून जास्त. मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, वयही वेगळं आहे, त्यामुळे जगाचे आणि केरळचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. तरी एवढं कळतं की जिथे खेळणारे कमी, तिथे अडकणारेही कमीच असतील असं धरून चालता येत नाही.

जुगार म्हणजे शहरातल्या पोरांचा मोबाइल, ही समजूतही तपासायला हवी. गोव्यात पुरुषांच्या पाहणीत सुमारे 45 टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी जुगार खेळल्याचं सांगितलं. सर्वाधिक खेळली जाणारी गोष्ट होती लॉटरी, आणि मटकाही जोरात होता. सध्या खेळणाऱ्यांमध्ये ग्रामीण भागात राहणं, तंबाखू, दारूची समस्या आणि मारहाण यांचा संबंध आढळला. मटका तर मोबाइलच्या कितीतरी आधीचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर मुंबईत पैजा लागत. ते भाव बंद झाल्यावर 1962 पासून वरळी मटका सुरू झाला, आणि ओपन-क्लोजचा आकडा गावोगाव पोहोचला.

‘लॉटरी सरकारी आहे, तो कसला जुगार?’ असं अनेकजण मनापासून विचारतात. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून कायदेशीर आहे, हे खरं. पण वरच्या दोन्ही भारतीय पाहण्यांत सर्वाधिक खेळली गेली ती लॉटरीच. कायद्याने परवानगी दिली म्हणून बक्षीस लागण्याची शक्यता वाढत नाही, आणि हरलेले पैसे पुन्हा तिकिटं घेऊन भरून काढण्याची ओढही कमी होत नाही.

ही ओढच खरी खूण आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत हेच विचारतात: परवडत नसताना पैसे लावले का, हरलेलं परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात का, त्यासाठी कर्ज काढलं किंवा काही विकलं का, मनात अपराधी वाटलं का. प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण असतात आणि बेरीज 8 किंवा जास्त झाली तर समस्या गंभीर मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाजवळच ठेवलेला आहे. तरीही आपण त्याला ‘वळण बिघडलं’ म्हणतो, आणि घरच्यांना डॉक्टरऐवजी सावकार आधी गाठावा लागतो.

पोलिसांच्या भीतीनेही घरं गप्प राहतात. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि अड्ड्यावर सापडलेल्या खेळाडूलाही त्यात शिक्षा होऊ शकते. 2025 च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यात मात्र शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे मोबाइलवर पैसे घालवलेल्या मुलाच्या आईवडिलांनी बिनधास्त मदत मागावी. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.