मळसूत्राचं गोत्र

१९९०च्या आसपासच्या एखाद्या पीसीचं कॅबिनेट उघडा. पत्र्याच्या एकाच पिंजऱ्यात वर साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह, तिच्याखाली हार्ड डिस्क. दोघींच्या कडांना सारखीच दिसणारी भोकं, स्क्रूंची डोकीही सारखी. पण फ्लॉपीचा स्क्रू काढून हार्ड डिस्कला लावला तर तो आत शिरतो, फिरत राहतो आणि घट्ट म्हणून होत नाही. उलट हार्ड डिस्कचा स्क्रू फ्लॉपीला लावायला गेलं तर तो पहिल्याच वेढ्याला अडतो. तिथे हात थांबला नाही, तर तीस वर्षं टिकलेले आटे अर्ध्या मिनिटात कायमचे जातात.

माझ्या हातून हे झालेलं आहे. त्या ड्राइव्हची चौकट ओतीव अॅल्युमिनियमची होती. स्क्रू थोडा जड जातोय असं वाटलं, म्हणून मनगटाचा जोर लावला. भोकातून चांदीसारखा बारीक कीस बाहेर आला आणि पाठोपाठ स्क्रू ढिला पडला. ड्राइव्हची मोटर ठीक होती, वाचणारं हेड शाबूत होतं, गेला तो फक्त एक आटा. पण ती ड्राइव्ह त्यानंतर कुठल्याच कॅबिनेटमध्ये सरळ बसली नाही. जुने संगणक पुन्हा उभे करताना स्क्रूकडे मी गंभीरपणे पाहू लागलो ते त्या दिवसापासून.

या छंदात लोक चिपा शोधण्यात महिने घालवतात, आणि त्या सापडतातही, कारण चिपेवर नंबर छापलेला असतो. कपॅसिटरवर क्षमता आणि व्होल्टेज लिहिलेलं असतं. स्क्रूवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. त्याची ओळख त्याच्या अंगावरच्या आट्यांत असते आणि ती मोजूनच काढावी लागते.

मोजायच्या गोष्टी तीन: बाहेरचा व्यास, लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच, आणि आट्याच्या दातांचा कोन. फ्लॉपीचा स्क्रू बहुधा एम-३ असतो, म्हणजे व्यास ३ मिलिमीटर आणि पिच ०.५ मिलिमीटर. हार्ड डिस्कचा स्क्रू अमेरिकन, ६-३२. यातला ६ हा आकाराचा क्रमांक आणि ३२ म्हणजे एका इंचात बसणारे आटे. क्रमांकावरून व्यास काढायचं सूत्र सोपं आहे: क्रमांकाला ०.०१३ने गुणा आणि ०.०६० मिळवा, उत्तर इंचात येतं. सहाला ते ०.१३८ इंच, म्हणजे साधारण ३.५ मिलिमीटर. पिच २५.४ भागिले ३२, म्हणजे ०.७९ मिलिमीटर.

हे आकडे शेजारी ठेवले की पिंजऱ्यातल्या घोळाचा उलगडा होतो. ६-३२च्या भोकात आट्यांच्या टोकांमधली मोकळी जागा पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास असते. तीन मिलिमीटरचा स्क्रू त्यात जातो, पण त्याचे दात प्रत्येक बाजूला जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके अडकतात. डिस्क फिरू लागली की त्या थरथरीने तो सुटणारच. उलट साडेतीन मिलिमीटरचा पोलादी स्क्रू तीन मिलिमीटरच्या भोकात रेटला, तर मऊ अॅल्युमिनियममध्ये तो आपले आटे स्वतःच कापत जातो आणि मूळचे पुसून टाकतो. दुरुस्तीच्या दुकानांत या दोघांना ‘जाड आट्याचा’ आणि ‘बारीक आट्याचा’ म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे, फरक व्यासाइतकाच पिचमध्येही आहे.

एकाच पेटीत दोन देशांची मापं आली ती उद्योगाच्या इतिहासामुळे. छोट्या संगणकांच्या हार्ड डिस्क अमेरिकेत जन्मल्या. सीगेटची ५ मेगाबाइटची एसटी-५०६ १९८०ची. त्यांनी आपल्या कारखान्यांतला इंची स्क्रू घेतला आणि तो पुढे प्रमाण होऊन बसला. साडेतीन इंची फ्लॉपी जपानच्या सोनीची, आणि सीडी सोनी व फिलिप्स यांची. ही मंडळी मेट्रिक मापात काम करणारी. संगणकाच्या मागे मॉनिटरची किंवा प्रिंटरची वायर घट्ट करणारे लांबट स्क्रू आणखी तिसरे, बहुधा अमेरिकन ४-४०. व्यास २.८४ मिलिमीटर, पिच ०.६३५. हा एम-३च्या भोकात दोन वेढे अगदी मऊ जातो, आणि म्हणूनच जास्त फसवतो. प्रत्येक वेढ्याला पिचमधली तफावत ०.१३५ मिलिमीटरने साचत जाते. तिसऱ्या वेढ्यापर्यंत ती ०.४ मिलिमीटर होते आणि स्क्रू जाम होतो. ‘थोडासा तेलाचा थेंब टाकला की जाईल’ असं वाटणारा स्क्रू नेहमी याच जातीचा असतो. तो जात नाही, आणि जाऊही देऊ नये.

या गोंधळाची मुळं संगणकाच्या शंभर वर्षं आधीची आहेत. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतले स्क्रू जमवले, त्यांच्या मापांचा मध्य काढला आणि ५५ अंशांच्या कोनाचा आटा सुचवला. १८६४मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा आटा मांडला, कारण तो पाडायला आणि तपासायला सोपा होता. पाच अंशांचा हा फरक दुसऱ्या महायुद्धात दोस्तांना फार महाग पडला. एका देशाचा सुटा भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसेना. अखेर १९४८च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एका समान आट्यावर सह्या केल्या. आपल्या पीसीतला ६-३२ त्या समझोत्याचा वारस.

ब्रिटनमधल्या नाजूक विद्युत उपकरणांचा संसार मात्र वेगळाच चालू होता. जिनिव्हाच्या प्राध्यापक थुरी यांनी घड्याळाच्या स्क्रूंसाठी आखलेल्या पद्धतीवरून ब्रिटिश असोसिएशनने १८८४ साली ‘बीए’ आटा ठरवला. मला ही सगळी मालिका अतिशय सुंदर वाटते. ०बीएचा व्यास ६ मिलिमीटर आणि पिच बरोबर १ मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक क्रमांकाला पिच आधीच्या नऊ दशांश. कोन साडेसत्तेचाळीस अंश. म्हणजे इंचाचा अभिमान बाळगणाऱ्या देशात टेलिफोन आणि रेडिओ यांच्या पोटात दशकानुदशकं मेट्रिक मापाचा आटा फिरत होता.

याचा प्रत्यय कोलोससमध्ये येतो. जर्मन गुप्तसंदेश फोडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स यांनी ब्रिटिश टपालखात्याच्या डॉलिस हिल इथल्या संशोधन केंद्रात हे यंत्र घडवलं आणि १९४४च्या सुरुवातीला ते ब्लेचली पार्कला कामाला लागलं. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडून टाकली गेली. टोनी सेल यांनी १९९३मध्ये ते पुन्हा उभारायला घेतलं तेव्हा हाताशी होती काही छायाचित्रं आणि जुन्या अभियंत्यांनी जपलेले आराखड्यांचे तुकडे. पण मूळ यंत्र टपालखात्याच्या टेलिफोन सामानातूनच बनलेलं होतं, आणि त्याच सुमाराला ब्रिटनमधली जुनी टेलिफोन एक्स्चेंज मोडीत निघत होती. तिथून सामान आलं. हे सामान बीए आट्याच्या कुळातलं. त्यात बाजारातला मेट्रिक स्क्रू घुसवला असता तर लांबून कुणाला कळलं नसतं, पण जोडणी मात्र खोटी झाली असती.

घुसवता येतो, हीच तर पंचाईत आहे. तीन स्क्रू घ्या: ब्रिटिश २बीए, अमेरिकन १०-३२ आणि मेट्रिक एम-५. व्यास अनुक्रमे ४.७, ४.८३ आणि ५ मिलिमीटर. पिच ०.८१, ०.७९ आणि ०.८. तळहातावर ठेवले तर डोळ्याला फरक दिसणार नाही. मोठ्या संगणकांची उपकरणं ज्या १९ इंची रॅकवर चढवली जात, त्या अमेरिकन रॅकना १०-३२ सर्रास असतो. एम-५च्या भोकात तो लीलया जातो, थोडा खुळखुळतो, पण धरून ठेवल्यासारखं वाटतं. उलट एम-५ त्या रॅकला लावला तर आवळत आवळत अडकून बसतो आणि काढताना रॅकचा आटा सोबत घेऊन येतो.

आपल्याकडे या यादीत आणखी एकाची भर पडते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही जुन्या हार्डवेअरच्या दुकानात ‘बारीक स्क्रू हवाय, तीन एमएमच्या आसपास’ म्हटलं, की ‘एक सुती देऊ का?’ असा प्रश्न येऊ शकतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशाने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला, पण सूत काही बाजारातून उठलं नाही. हा एक सुती स्क्रू व्हिटवर्थच्या घराण्यातला: व्यास ३.१७ मिलिमीटर, इंचात ४० आटे, कोन ५५ अंश. दिसतो एम-३सारखा, पिच हुबेहूब अमेरिकन ४-४०ची, आणि बसायला दोघांच्याही भोकात बसत नाही. दुकानदार फसवत नसतो. त्याच्या सुतार आणि वायरमन गिऱ्हाइकांना तोच लागतो. आपण नेमकं सांगायचं असतं: एम-तीन, पॉइंट पाच पिच, डोक्याखाली सहा एमएम लांब.

लांबीचंही तसंच आहे. उभट किंवा घुमटाकार डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याखालून मोजतात, भोकात सपाट बसणाऱ्याची डोक्यासकट. शिवाय या सपाट डोक्याच्या उताराचा कोन अमेरिकन स्क्रूत ८२ अंश असतो, मेट्रिकमध्ये ९०. चुकीचा निवडला तर डोकं फक्त कडेवर टेकतं आणि रंग चिरतो. हार्ड डिस्कला दोन-तीन मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रू लावला तर त्याचं टोक आतल्या सर्किट बोर्डाला जाऊन भिडू शकतं, आणि मग गोष्ट आट्यापुरती राहत नाही.

मोजायला फार साधनं लागत नाहीत. व्हर्नियर कॅलिपर आणि पिच गेज, म्हणजे दातेरी पात्यांचा जुडगा, पुरेसा होतो. गेज नसेल तर खात्रीचा स्क्रू आणि संशयित स्क्रू एकमेकांना दाताला दात लावून उजेडासमोर धरायचे. दहा-बारा आट्यांवर उजेडाची फट कुठेच दिसली नाही तर पिच एक. दातांचा कोन एवढ्या बारीक स्क्रूवर भिंगाशिवाय कळत नाही. स्क्रूच हरवला असेल आणि फक्त भोक उरलं असेल, तर मऊ लाकडाची काडी हलक्या हाताने त्यात फिरवून बाहेर काढायची. तिच्यावर आट्यांचा ठसा उमटतो, तो मोजता येतो. नवा स्क्रू पहिल्यांदा नेहमी नुसत्या बोटांनी लावून पाहायचा, पेचकस नंतर.

पेचकसावरही थोडं बोलायला हवं, कारण निम्मे स्क्रू बदलावे लागतात ते चुकीच्या पेचकसामुळे. अमेरिकन फिलिप्स फुली आणि जपानी प्रमाणाची फुली या जुळ्या बहिणी दिसतात. पण फिलिप्सचं टोक जपानी फुलीत पूर्ण बसत नाही. ते तळाला टेकतं, बाजूचे पंख नीट पकडत नाहीत आणि जोर दिला की घसरून कोपरे खातं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. तो दिसला की जपानी टोकाचा पेचकस काढावा. १९८४च्या पहिल्या मॅकिंटॉशला षट्कोनी ताऱ्याचे टॉर्क्स स्क्रू आहेत, त्यातले दोन मागच्या मुठीच्या खोल विवरात. लांब दांडीचा टी-१५ नसेल तर ते यंत्र बंदच ठेवलेलं बरं.

प्लॅस्टिकच्या यंत्रांना आणखी हळुवार हात लागतो. कमोडोर ६४ तळाच्या तीन स्क्रूंवर बंद होतो, झेडएक्स स्पेक्ट्रम पाचांवर. हे स्क्रू प्लॅस्टिकच्या नळीत स्वतःच आटे पाडत जातात, म्हणून दर वेळी परत लावताना नवे आटे कापले जाण्याचा धोका असतो. उपाय जुना आणि अचूक आहे: स्क्रू भोकावर ठेवून आधी उलटा फिरवायचा. एका जागी तो बारीकसा टक् करून खाली उतरतो. तिथे जुन्या आट्याचं तोंड असतं, तिथूनच सुलटा आवळायचा. भारतात १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून शाळाशाळांत बीबीसी मायक्रो गेले. त्यांच्या खोक्याच्या चार स्क्रूंजवळ ‘फिक्स’ अशी अक्षरं आहेत. कुठल्या शाळेच्या माळ्यावर असं यंत्र असेल तर उघडताना तेवढेच चार काढावेत, आणि एका पुठ्ठ्यावर खोक्याचं चित्र काढून ज्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवावेत. चित्राशिवाय वाटीत गोळा केलेले स्क्रू हीच पुढच्या चुकीची तयारी असते.

राहिला धातू. गंजलेला स्क्रू काढून चकचकीत स्टेनलेस लावण्याचा मोह होतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस घट्ट केला, तर ओलाव्याच्या साथीने दोन धातूंची छोटी बॅटरीच तयार होते आणि झीज अॅल्युमिनियमची होते, म्हणजे यंत्राची. जस्ताचा मुलामा दिलेला साधा पोलादी स्क्रू मूळच्याशी जुळतो आणि गंजायची वेळ आली तर आधी आपला मुलामा देतो. दिसायला तो मंद राखाडी असतो. मूळचेही तसेच होते.

काढलेला गंजका स्क्रू मी टाकत नाही. प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत घालून तो कॅबिनेटच्या आतच, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, चिकटपट्टीने लावतो. सोबत चिठ्ठी: कोणत्या भोकातला, ६-३२, पाव इंच, कधी बदलला. पुढे हे यंत्र जो उघडेल त्याला पुन्हा मोजत बसावं लागणार नाही.